दोऱ्याएवढी जागा

मौलाचाचांनी पोत्यातली वस्तू बघितली, हातातली कानस खाली ठेवली आणि दुकानाचं अर्धं दार लोटून घेतलं.

"मगदूमअण्णा, दुकान चुकलं तुमचं," ते म्हणाले. "हे हत्यार हाय. इथं तंबोरे होतात."

माझे वडील रेल्वेत सिग्नल फिटर. मुळातच कमी बोलणारा माणूस, त्यात घरापासून घोकत आणलेलं वाक्य चाचांनी तोंड उघडायच्या आतच निकामी केलं. ते माझ्याकडे बघायला लागले. पोत्यात एका जुन्या पॉइंट टू-टू रायफलीची जाड नळी आणि खटक्याचा भाग होता. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो आणि ज्यावर गाल ठेवतात तो लाकडी भाग, नव्हता. त्याच्यासाठीच आम्ही मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आलो होतो.

चाचांनी आम्हाला बसायला पाट दिला आणि नकाराचं कारणही नीट सांगितलं. त्यांचे पणजोबा शिकलगार, संस्थानाच्या तलवारींना धार लावणारे. तलवारींचे दिवस गेले तेव्हा त्यांनी सतार हातात घेतली आणि मुलांना बजावून ठेवलं, की या हातांनी आता कापणारं काही करायचं नाही. चार पिढ्या ते पाळलं होतं. चाचांचं बोलणं ऐकून अण्णा पोतं गुंडाळायला लागले. मी मात्र हटणाऱ्यांतली नव्हते. मी पर्समधून टार्गेटचा कागद काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"चाचा, ही कागद मारते. दुसरं काही नाही."

त्यांनी तो कागद उलटसुलट केला. किती लांबून, असं विचारलं. पन्नास मीटर म्हणजे तुमच्या उंबऱ्यापासून त्या पिठाच्या गिरणीपर्यंत, असं मी म्हटलं. त्यांनी दारातून मान बाहेर काढून गिरणीकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं.

"तिथनं ह्या काळ्या टिकलीला भोक पाडायचं. मग?"

"मग दुसरं पाडायचं."

चाचांनी अण्णांकडे अशा नजरेनं बघितलं, की मुलगी चांगली आहे हो, पण औषधपाणी बघा. मग ते हसले. ते हसले तेव्हाच मी ओळखलं, की काम झालं.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि डावखुरी होते. डावखुरी अजूनही आहे, पण तेव्हा तो गुन्हा होता. आमच्या क्लबच्या दोन्ही रायफली उजव्या माणसांसाठी केलेल्या, त्याही साडेपाच फुटांवरच्या. त्यांच्यावर गाल टेकवताना माझी मान दुखून यायची, तरी मी राज्य स्पर्धेच्या उंबऱ्यापर्यंत पोचले होते. पण त्या वर्षी आमच्या खराडे सरांनी स्पष्टच सांगितलं, की क्लबच्या रायफली आता दोन मुलांना द्यायच्या ठरल्यात आणि परदेशी गोळ्यांचा कोटा फक्त राष्ट्रीय स्पर्धेला पात्र होणाऱ्यांनाच मिळेल. थोडक्यात, स्वतःची रायफल आण, पुण्याच्या राज्य स्पर्धेत सहाशेपैकी पाचशे सत्तर गुण काढ, नाहीतर घरी बसून स्वेटर वीण. स्वेटरचं ते बोलले नाहीत, ते मीच मनात म्हटलं.

नवी रायफल म्हणजे अण्णांचा दोन वर्षांचा पगार. तेव्हा मदतीला आले तात्यासाहेब डुबल. हे आरग गावाच्या बाजूचे जुने शिकारी. शिकार कायद्यानं बंद झाल्यापासून त्यांची रायफल पेटीत पडून होती आणि आता डोळेही जवळजवळ गेले होते. एका साध्या म्हशीच्या किमतीत त्यांनी ती मला द्यायची कबूल केली. परवाना माझ्या नावावर व्हायला आठ महिने लागले, ती वेगळीच कथा आहे.

अडलं ते आईपाशी. आम्ही जैन. आमच्याकडे अंधार पडल्यावर जेवत नाहीत, का तर दिव्यावरचा किडा ताटात पडू नये. अशा घरात रायफल यायची होती. कागदाचं मी तिला वर्षानुवर्षं पटवत आणलं होतं. पण तात्यासाहेबांकडे ती माझ्याबरोबर आली आणि तिनं तो दस्ता बघितला. शिसवी लाकूड, काळंभोर आणि घट्ट. त्याच्या एका बाजूला पितळी चुका ठोकलेल्या. एक जनावर पडलं की एक चूक, अशी तात्यासाहेबांची पद्धत होती. आईनं त्या मोजल्या. एकतीस निघाल्या.

"लोखंड आगीत घातलं की शुद्ध होतं म्हणतात," ती परतीच्या एसटीत म्हणाली. "लाकडाचं तसं नाही. ते लाकूड माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, पद्मा."

मग ते आणायचंच नाही, असं ठरलं. नाहीतरी तो उजव्या माणसाचाच दस्ता होता. सुतारांना विचारलं, ते खाटा आणि चौकटी करणारे. एवढं नाजूक खोदकाम करणार कोण, या प्रश्नाला मिरजेत एकच उत्तर होतं.

चाचांनी माझं माप घेतलं ते कधी विसरणार नाही. पन्नास मीटरची ही नेमबाजी पालथं झोपून करतात. म्हणून मी दुकानातच चटईवर पालथी झोपले, डाव्या खांद्याला लाकडाचा एक ओबडधोबड तुकडा लावला आणि चाचा माझ्याभोवती सुतळी घेऊन फिरत राहिले. एक गवयी तंबोरा न्यायला आले होते, ते मला ओलांडून गेले आणि जाताना "चालू द्या" म्हणाले. चाचांनी गालाचं हाड, मनगट, मानेची लांबी सगळं बोटांनी चाचपलं. शेवटी माळ्यावरून तूनाच्या लाकडाची एक फळी काढली. वीस वर्षं वाळलेली, एका मोठ्या तंबोऱ्याच्या दांडीसाठी राखून ठेवलेली. त्यांनी तिच्यावर टिचकी मारली आणि मला ऐकायला लावलं.

"बोलते का न्हाई?"

मला टक् एवढंच ऐकू आलं. मी हो म्हटलं.

दस्ता व्हायला दीड महिना लागला. झाला तेव्हा तो इतका देखणा होता, की अण्णांनी हात धोतराला पुसून मगच त्याला हात लावला. डाव्या गालासाठी उंचवटा, बोटांसाठी खोबण आणि वर चपड्याचं पॉलिश. चाचांचा खरा अभिमान मात्र सांध्यात होता. नळी लाकडात अशी बसवली होती, की कुठं फटच नव्हती. त्यांनी आपल्या दाढीचा एक केस उपटून तो फटीत घालून दाखवायचा प्रयत्न केला. केस गेला नाही. चाचा लग्नातल्या वरबापासारखे खूश दिसत होते.

आणि त्या रायफलीनं माझी पुरती वाट लावली.

पहिल्या दहा गोळ्या नेमक्या जायच्या. माझा गाल तिथं असा बसायचा, जणू मी जन्मतः त्या लाकडावर डोकं ठेवून झोपलेय. मग पंधराव्या-सोळाव्या गोळीपासून एकेक गोळी वर सरकायची. मी श्वास तपासला, कोपर तपासलं, गोळ्यांची पेटी बदलून बघितली. तीन आठवडे गेले. खराडे सर मागे उभे राहून बघायचे आणि एक दिवस म्हणाले, "मगदूम, नाचता येईना अंगण वाकडं. दमतेस तू. कबूल कर आणि व्यायाम वाढव."

मी रडले, हे सांगायला आता लाज वाटत नाही. पुण्याच्या स्पर्धेला पाच आठवडे उरले होते. मी चाचांकडे जाऊन दस्ता चांगलाच झालाय, माझंच चुकतंय, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रविवारी मी येतो, एवढंच म्हणाले.

रविवारी ते स्वच्छ टोपी घालून रेंजवर आले. टार्गेट त्यांना दिसत नव्हतंच, बघायची इच्छाही दिसली नाही. ते माझ्या मागे चटईवर मांडी घालून बसले आणि डोळे मिटले. मी वीस गोळ्या झाडल्या. सगळी रेंज त्यांच्याकडे बघत होती. दोन मुलं तर हसतही होती.

"थांब," चाचा म्हणाले. "अकरावीला आवाज बदलला. आधी मोकळा होता, मग बसला. तुझा हात न्हाई बदलला, लाकूड बदललं."

रायफल रिकामी करून मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नळीवर तळवा ठेवला. ती ऊन झाली होती. मग सांध्यावरून बोट फिरवलं. ते माझ्याशी नव्हे, लाकडाशीच बोलल्यासारखे बोलले.

"तापलं की लोखंड फुगतं. फुगायला मी जागाच ठेवली न्हाई. ते लाकडाला ढकलतंय, लाकूड त्याला ढकलतंय, आणि पोरगी मधल्या मधी रडतीय."

खराडे सरांनी मग सांगितलं, की परदेशी रायफलींची नळी मोकळीच असते म्हणे, पण ते कारखान्यात होतं. चाचांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नव्हतं. साठ वर्षं ज्या गोष्टीसाठी लोक त्यांच्या पाया पडत आले, तीच इथं चूक ठरली होती. तंबोऱ्याला फट राहिली तर तंबोरा मुका होतो. इथं फट नव्हती म्हणून सगळं बिघडलं होतं.

त्यांनी खिशातून पांढऱ्या सुती दोऱ्याचा तुकडा काढला. हा दोरा तंबोरेवाल्यांच्या खिशात असतोच. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिथं तारेखाली तो सरकवतात. तार घोडीवरून केसाएवढी उचलली गेली की ती गुंजायला लागते. त्याला जवारी लावणं म्हणतात.

"तार चिकटून बसली तर गात न्हाई, हे मला ठाऊक हाय," चाचा म्हणाले. "आणि नळी मी चिकटवून बसवली. म्हातारा झालो बघ."

आपला तो केसही न जाणारा सांधा त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्यादेखत खरवडला. मला वाटलं होतं, हे काम ते दुकानात मागे बसलेल्या आपल्या पुतण्याला देतील. त्यांनी स्वतःच केलं, हळूहळू, मधे मधे फुंकर मारत. टोकापासून खटक्याच्या भागापर्यंत दोरा नळीखालून न अडकता फिरला, तेव्हा ते थांबले. मग तो दोरा आणि काचकागदाची एक पट्टी त्यांनी रायफलीच्या पेटीत ठेवली.

"लाकूड हाय. हवा बघून फुगतं, सुकतं. दोरा फिरतोय तोवर कुणाचं ऐकू नको. अडला तर मात्र आपलं चुकलं असं समजू नको. आधी जागा कर."

पुण्याला स्पर्धेच्या दिवशी ऑगस्टची बुरबुर चालू होती. मिरजेच्या कोरड्या हवेत सरावलेलं लाकूड दोन दिवस त्या ओलीत होतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटं. दहा-दहाचे सहा डाव. पहिल्या डावात सत्त्याण्णव, दुसऱ्यात शहाण्णव. माझ्या शेजारच्या मुलीची रायफल माझ्या सगळ्या घरादारापेक्षा महाग होती आणि मी तिच्या पुढे होते. तिसऱ्या डावात चौथी गोळी किंचित वर गेली. सहावी आणखी वर. डाव संपला तो एक्क्याण्णववर.

मी टार्गेट बघायच्या दुर्बिणीवरून डोळा काढून मागे बघितलं. खराडे सर काचेपलीकडून बोटं फिरवत होते. खुणेचा अर्थ सोपा होता, नेम धरायच्या साइटची चकती दोन खटके खाली फिरव आणि मारत राहा. तो शहाणपणाचाच सल्ला होता. वेळ वाया जाणार नव्हता. पण नळी जसजशी तापेल तसतशी गोळी सरकतच राहणार, मी तिच्यामागे खटके फिरवत धावणार आणि ती कधीच हाती लागणार नाही, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि त्याहून मोठी गोष्ट कळली. तीन आठवडे मी स्वतःला दोष देत होते तेव्हा एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून, भर रेंजवर, चूक माझी नव्हे त्याची आहे असं सांगितलं होतं. एवढं बोलायला किती लागतं.

मी रायफल रिकामी केली, बोल्ट उघडला आणि हात वर केला. पंचांना म्हटलं, रायफल बिघडलीय, दुरुस्त करते. त्यांनी घड्याळ थांबणार नाही म्हणून बजावलं. मी मागच्या टेबलावर बसले आणि पेटीतून दोरा काढला. नळीच्या टोकाखाली घालून मागे ओढत आणला. तो निम्म्यावर अडकला.

माझ्या आयुष्यात त्याच्याइतका आनंद मला क्वचित झाला असेल. चूक माझी नव्हती, ती तिथं होती आणि बोटभर जागेत होती.

मी काचकागदाची पट्टी नळीखालून घातली आणि दोन्ही टोकं धरून घुसळायला लागले. ताक करताना रवी फिरते तशी. काचेपलीकडे लोक जमले. कुणीतरी हसलं. खराडे सरांनी कपाळाला हात लावला, मग काढला. लाकडाचा भुसा टेबलावर पडत होता आणि मी मधे मधे दोरा फिरवून बघत होते. अडला. परत घासलं. अडला. अठरा मिनिटं गेली. एकोणिसाव्याला दोरा टोकापासून आतपर्यंत अलगद सरकला आणि मी धावत जाऊन पालथी झोपले.

उरलेल्या तीस गोळ्यांत मी घाई केली नाही, असं म्हणणं खोटं होईल. पण पहिल्याच गोळीच्या आवाजात मला ते ऐकू आलं. टक् नव्हे, त्याच्या मागचं काहीतरी मोकळं. चाचा टिचकी मारून मला जे ऐकवत होते ते मला तीन महिन्यांनी, पुण्यात ऐकू आलं. शहाण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव. बेरीज पाचशे एकाहत्तर. खराडे सर आले आणि म्हणाले, "अंगण वाकडंच होतं, मगदूम." त्यांच्यासारख्या माणसाकडून ही क्षमायाचनाच होती.

शेवटच्या डावाचा कागद मी तात्यासाहेबांना दाखवायला नेला. दाखवायला म्हणजे हातात द्यायला. त्यांनी तर्जनीनं एकेक भोक चाचपलं. दहाही मोजली. एका बोराएवढ्या जागेत सगळी होती.

"आणि कुणालाच लागली नाही," ते म्हणाले. मग त्यांनी मुलाला तो जुना शिसवी दस्ता आणायला सांगितलं आणि पक्कड मागितली.

पितळी चुका त्यांनी स्वतः उपटल्या, चाचपत चाचपत, दोन दुपारी. नंतर दस्ता कुठे पाठवला ते मला कुणी सांगितलं नाही. पर्युषणाच्या आदल्या दिवशी मौलाचाचा रिक्षातून आमच्या दारात उतरले. कापडात गुंडाळलेला तंबोरा त्यांच्या छातीशी होता. आई बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, बायकांबरोबर भजनं म्हणायची, सूर तोंडानंच धरून. तिच्यासाठी होता तो, तात्यासाहेबांकडून. चाचांनी उंबऱ्याबाहेरच उभं राहून आधी खरं ते सांगून टाकलं.

"वहिनी, भोपळा आणि दांडी माझी हाय. चार खुंट्या त्या दस्त्याच्या शिसवीच्या हायत. तुम्हाला चालत नसल तर दुसऱ्या बसवतो, त्यात काय न्हाई."

आईनं खुंट्यांकडे बघितलं. काळ्याभोर, घोटून गुळगुळीत केलेल्या. एकीवर पितळी चुकेचं बारीकसं भोक राहून गेलं होतं. अण्णा माझ्याकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. मला वाटलं, झालं, आता हा तंबोरा आला तसा परत जाणार.

"गेलेले जीव काही परत येत नाहीत," आई म्हणाली. मग तिनं पदर खोचला. "पण लाकडानं काय कायम तेच करावं होय? आत या, उन्हात उभे राहू नका."

ती तंबोरा मांडीवर घेऊन बसली. भोकाची खुंटी तिनं मुद्दाम आधी धरली, हे मी बघितलं. ती पिळत गेली तशी तार वर चढत गेली, पण आवाज बसकाच येत होता. चाचांनी सवयीनं खिशात हात घातला, हा खिसा चाचपला, तो खिसा चाचपला आणि माझ्याकडे बघितलं. दोरा त्यांनी मला दिलेला होता.

मी आत जाऊन रायफलीची पेटी उघडली. दोऱ्याला अजून पुण्याच्या काचकागदाची धूळ लागलेली होती. चाचांनी तो ओठांत धरून ओला केला, पिळला आणि आईच्या तारेखाली सरकवला. आईनं बोट फिरवलं आणि आमचं दीड खोल्यांचं रेल्वे क्वार्टर भरून गेलं.

त्यानंतर मी तीन राष्ट्रीय स्पर्धा खेळले आणि आता पोरापोरींना शिकवते. डावखुऱ्यांना जरा जास्तच. नळीखाली फिरवायला मी दुसरा दोरा घेतला. तो पहिला आईनं परत दिला नाही.